वॉशिंग मशीन अडलं? आधी पाण्याचा माग काढा

मशीन अर्ध्यावर थांबलं, कपडे फेसात बुडालेले, की आपण लगेच मेकॅनिकला फोन लावतो. आमच्याकडे आलेल्या एकाने स्क्रू ड्रायव्हर न काढताच ‘बोर्ड गेलाय’ म्हणून सांगितलं होतं. निघालं काय, तर पंपात अडकलेलं रुपयाचं नाणं! तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: पाणी आत येतंय का, बाहेर जातंय का, बाकीचं नंतर.

कशालाही हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मशीन वापरूच नका. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि मशीन दोन्ही तपासून घ्या.

पाणी येत नाही, किंवा फार हळू येतं

नळ बंद करून इनलेट पाइप मशीनकडच्या टोकाला सोडवा, ते टोक बादलीत धरा आणि नळ पूर्ण सोडा. मिनिटाला पाच लिटरसुद्धा पाणी पडत नसेल, तर मशीनला दोष देऊ नका. अनेक फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण ३ मीटर उंच हवं. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर नेमकं हेच कमी पडतं. तिथे छोटा प्रेशर पंप बसवणं हाच उपाय.

बादली झटपट भरली, तर मशीनला पाइप जिथे जोडतो तिथे आत डोकवा. तिथली बारीक जाळी पकडीने हलकेच ओढून काढा. गाळ जुन्या टूथब्रशने निघतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल, तर जाळी अर्धा तास लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा. जाळीशिवाय मशीन चालवू नका, कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

पाणी आतच साचून राहतं

सगळ्यात जास्त वेळा होतं ते हेच. फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. गरम पाण्याचं धुणं असेल तर ते निवू द्या. खाली परात सरकवा (बादली मावत नाही), बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी काढा आणि मग फिल्टर सावकाश फिरवून बाहेर घ्या. नाणी, पिना, बाळाचा मोजा, काहीही निघेल. आत टॉर्च मारून पंपाचा पंखा बोटाने फिरवून बघा. तो अडखळत फिरला तर घाबरू नका. अनेक पंपांत चुंबक असतो, त्यामुळे तसं होतं. अजिबातच हलत नसेल, तर काहीतरी अडकलंय.

बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंपच नसतो. व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उताराने जातं. त्यामुळे ड्रेन पाइप जमिनीलगत हवा. बाथरूमच्या उंबऱ्यावरून चढवलात, तर पाणी तुंबणारच. पंपवाल्या फ्रंट लोडचं उलट. तिथे पाइपचं टोक साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवतात. खाली सोडलं तर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं आणि मशीन भरतच बसतं. घर बदलल्यावर ‘मशीन बिघडलं’ अशी तक्रार येते, तिच्या मुळाशी बरेचदा हा पाइपच असतो.

पाणी गेलं, पण कपडे पिळत नाही

एकटी सोलापुरी चादर टाकली असेल, तर तिचा गोळा सोडवा, सोबत दोन-तीन टॉवेल टाका. चारही पाय जमिनीला नीट टेकलेत का ते पाहा. नवं फ्रंट लोड थडथड नाचत असेल, तर वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले बोल्ट बहुधा काढायचे राहिलेत. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पिळायच्या टबचं झाकण नीट बसलं नाही, तर मोटर सुरूच होत नाही. मोटर गुणगुणते पण टब फिरत नाही, तेव्हा बहुधा ब्रेक अडकलाय किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेलाय. कपॅसिटरला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहू शकते.

रिकामा ड्रम हाताने फिरवताना घरघर आली किंवा बाहेरचा टब न हलता नुसता ड्रमच वरखाली हलला, तर बेअरिंग गेलंय. इथे मेकॅनिक लागतोच. बोलावताना स्क्रीनवरचं कोड-अक्षर सांगा. एलजीच्या मशीनवर ‘ओई’ म्हणजे पाणी जात नाही, ‘आयई’ म्हणजे येत नाही. खर्च आधी विचारा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.