वस्तीच्या फायबर जाळ्याची न्याय्य आखणी

जीपॉन जाळ्यात, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून घेणाऱ्या जाळ्यात, घरांकडे येणारे सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट आणि परत जाणारे सुमारे 1.25 गिगाबिट सर्व घरांत वाटले जातात, म्हणून एका फायबरवर किती घरे जोडायची हे आधी ठरवावे. 1:32 चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश 32 वाटांत विभागणारा भाग, एकटाच सुमारे 17 डेसिबल (प्रकाशाच्या घटीचे माप) प्रकाश खातो. जीपॉन उपकरणांच्या बी-प्लस वर्गात प्रकाशाच्या एकूण घटीची मर्यादा 28 डेसिबल असल्याने केबल, कनेक्टर आणि सांधे उरलेल्या 11 डेसिबलांत बसवावे लागतात. त्यातले 3 डेसिबल पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखणे मला अत्यावश्यक वाटते.

खरी कसोटी वाटपाची आहे. प्रत्येक घराला अपलोडचा किमान हिस्सा हमीने द्यावा आणि कोणी न वापरलेला वेग गरज असलेल्यांत समान वाटावा.

घराच्या आतही अन्याय होतो: भाऊ मोठा व्हिडिओ चढवत असताना बहिणीचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, तो बहुधा राउटरमध्ये तुंबलेल्या रांगेमागे तिच्या आवाजाची छोटी पॅकेट अडकल्यामुळे. अपलोड चालू ठेवून पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, मोजावा. तो शेकडो मिलिसेकंदांवर गेल्यास राउटरवर एफक्यू-कोडेल ही रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित खाली ठेवावी.