संरक्षण आदेशावर अपील करताय? ओरोसला जाण्याआधी या चुका टाळा

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जावर कुडाळ-कणकवलीला निकाल लागला, की कोर्टाबाहेर चहा पिताना कोणीतरी हमखास सांगतं, "घाबरू नको गे, वर जाऊया. थंय सगळा परत सांगूक गावतला."

नाही गावत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 29 सत्र न्यायालयात (सिंधुदुर्गात ते ओरोसला) अपिलाचा हक्क देतं, पण ती नव्याने चौकशी नव्हे. न्यायाधीश खालचं रेकॉर्ड वाचतात: अर्ज, शपथपत्रं, उलटतपास, संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल. कायदा चुकीचा लावला का, महत्त्वाचा पुरावा नजरेआड झाला का, हे त्यावरून बघतात. अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशावरही अपील चालतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्येच स्पष्ट केलंय. मात्र आदेश मनमानी किंवा विकृत, म्हणजे रेकॉर्डशी उघड विसंगत दिसला तरच सहसा त्यात हात घालतात.

देवगडकडची एक बाई माझ्याकडे आली, पोटगी फार कमी मिळाली म्हणून. नवऱ्याने कोर्टात सांगितलं होतं, आंब्याचा मोहर गळला, हाती काही उरलं नाही. हिच्या पिशवीत वाशीच्या दलालाच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या. पेट्या किती, भाव काय, हमाली आणि कमिशन वजा जाऊन किती सुटले, सगळं त्यात. पण खाली दाखलच केल्या नव्हत्या. "कोणी मागितल्यो नाय," म्हणाली. अपिलात जादा पुरावा घेता येतो, पण कोर्टाला गरज पटली तरच, आणि आधी का दिला नाही याचं उत्तर द्यावं लागतं. आम्ही अर्ज दिला, प्रकरण फेरसुनावणीला परत खाली गेलं. त्यात आंब्याचा आणखी एक हंगाम गेला.

मुदत 30 दिवसांची. ती निकालाच्या तारखेपासून नव्हे, आदेश दोन्ही पक्षांना बजावला गेल्यावर, त्यातल्या नंतरच्या तारखेपासून मोजतात. आदेशाची प्रत पक्षकारांना फुकट मिळते. उशीर माफ होऊ शकतो, पण "गणपती होते, पाऊस होता" एवढ्यावर नाही. कुठल्या दिवशी काय अडलं ते लिहा.

नवरेमंडळींची लाडकी समजूत म्हणजे अपील टाकलं की आदेश थांबला. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पोटगीची थकबाकी आधी भरायला सांगितली जाऊ शकते. स्थगिती नसताना संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करू नको असा कोर्टाचा हुकूम, मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

निकालानंतर परिस्थितीच बदलली असेल, नोकरी गेली किंवा मूल आजारी पडलं, तर अपिलाच्या वाटेला जाऊ नका. कलम 25 खाली आदेश देणाऱ्या खालच्या कोर्टाच्या दंडाधिकाऱ्यांकडेच बदलाचा अर्ज करा.

ओरोसच्या निकालापुढे दुसरं अपील नाही, उच्च न्यायालयच. तेही सिंधुदुर्ग-रत्नागिरीसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून त्याचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (खंडपीठ), म्हणून मुंबईच्या वकिलाला आगाऊ फी देण्याआधी विचारून घ्या. आणि बाईला वकील सरकारी खर्चाने मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.