बाळाशी बोला, मग गप्प बसा

बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली, लंगोट कोरडा. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एवढं झालं की सुरुवात करा.

आधी तोंड जवळ न्या. पहिल्या महिन्यात बाळाला 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं.

मग हातात जे काम आहे त्याचंच बोला. भरताची वांगी निवडताय? एक वांगं दाखवा, नाव घ्या, सालीला हात लावू द्या.

आता थांबा. इथेच सगळे चुकतात, मीही चुकले. अमळनेर तालुक्यात अंगणवाडी चालवते, पण माझी लेक चार महिन्यांची असताना मी तिच्यापुढे अखंड बडबडायचे. ती तोंड फिरवायची, तर मी खुळखुळा अजून जोरात वाजवायचे. शेवटी सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. "तिले बी बोलू दे ना माय," म्हणाल्या. मी गप्प बसले. बऱ्याच वेळानं तिनं पाय झाडले, तोंड उघडलं आणि "अंऽऽ" केलं. मीही "अंऽऽ" म्हटलं. ती पुन्हा बोलली.

बाळाला ऐकायला, उमगायला आणि मग ओठ हलवायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून एक वाक्य बोला आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. दहा म्हणजे दहा, चारवर धीर सोडू नका. उत्तर आवाजातच येईल असं नाही. नजर, मूठ, लाथ, सगळं उत्तरच. त्याला लगेच प्रतिसाद द्या. मेंदूतल्या ज्या जोडण्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. बाळानं तोंड फिरवलं तर त्याला पुरे झालंय. तिथे थांबा, खुळखुळा वाजवू नका.

मोबाईलवरचं गाणं बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही, म्हणून ते नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको.

आणि घरची बोली, आमच्याकडची अहिराणी, सोडू नका. "शाळेत अडेल" म्हणून घरात मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या आया बघितल्या की मला वाईट वाटतं. तुम्ही ज्या भाषेत रागावता, लाड करता, तीच बोला. मूल दोन भाषा सहज पेलतं.

आठ-नऊ महिन्यांचं झालं की पातेल्याखाली मोठा चेंडू लपवा, त्याला शोधू द्या. शेंगदाणा, हरभरा कधीच नको, घशात अडकतो.

सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही "बाबा-दादा" असे आवाज काढत नसेल, तर "मुलगे उशिरा बोलतात" हे कोणाचंही ऐकू नका. अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी मोफत होते. कानाची तपासणी तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचीही करता येते.