शुगर-थायरॉइडच्या स्पेशालिस्टकडं पहिल्यांदा जाताय? सोलापूरकरांसाठी जरा सविस्तर

आईची शुगर आणि मावशीचं थायरॉइड, दोघींना दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडं, त्यामुळं वेटिंगमध्ये बसून बसून आणि शेजारच्यांचं ऐकून जे कळलं ते लिहितोय. आपल्याकडं हार्मोनवाल्या डॉक्टरकडं कधीही जा, निम्मी गर्दी बाहेरगावची असते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, तुळजापूर, पार तिकडं इंडी-विजापूरकडनं आलेले लोक, मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू सगळं एकाच बाकड्यावर. आणि तक्रार सगळ्यांची एकच, "एवढं बसवून घेतलं आणि डॉक्टरनं दहा मिनिटात वाटेला लावलं." तक्रार खोटी नाही, पण त्या दहा मिनिटातला निम्मा वेळ पिशवीत कागद शोधण्यात जातो हे पण मी बघतोच की. म्हणून दहा मिनिटं कशी वापरायची याची तयारी घरीच करून जायची, बाकी सगळं त्याच्यावर आहे.

आधी कुणाकडं जायचं ते. बोर्डावर "मधुमेह तज्ज्ञ" लिहिलेले सगळे एकच शिकलेले नसतात. एमडी मेडिसिन करून पुढं डायबेटिसचा कोर्स केलेले डायबेटॉलॉजिस्ट असतात, आणि एमडीनंतर एंडोक्रायनॉलॉजीत डीएम किंवा डीएनबी केलेले ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे शुगरसोबत थायरॉइड, पिट्यूटरी (मेंदूखालची ग्रंथी), पाळीचे हार्मोन, पोरांची उंची असलं सगळं बघणारे. साधी शुगर असेल आणि कंट्रोलमध्ये असेल तर आपला फॅमिली डॉक्टर चांगला सांभाळतो, उगाच मोठ्या दवाखान्यात धावायची गरज नाही. पण गोळ्या वाढवून वाढवून शुगर हलत नाही, लहान पोराला शुगर निघाली, गरोदरपणात शुगर किंवा थायरॉइड निघालं, पोरीची पाळी महिनोनमहिने येत नाही आणि हनुवटीवर केस यायलेत, मान काळी पडत चाललीय आणि वजन थांबेना, पोरगं वर्गातल्या सगळ्यांपेक्षा बुटकं राहिलंय, तर मग थेट स्पेशालिस्ट बरा. उंचीसाठी जाताना शाळेतल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी मिळाल्या तर घेऊन जा, डॉक्टरला आजच्या उंचीपेक्षा वर्षाला किती वाढला ते बघायचं असतं. डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगितला तर घाबरू नका, हाडाचं वय त्याच्यातनं कळतं.

आता पिशवी. सगळ्यात महत्त्वाचं हेच. लोक काय करतात, उरलेल्या दोन गोळ्यांचा तुकडा कात्रीनं कापून आणतात आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला राहिलेलं असतं, मग "ती गुलाबी छोटी सकाळी, पांढरी लांबट रात्री" असं सांगत बसायचं. पांढऱ्या लांबट गोळ्या जगात हजार आहेत हो. पूर्ण स्ट्रिप आणा, बॉक्स असेल तर बॉक्स आणा, बीपीच्या, पित्ताच्या, गुडघ्याच्या सगळ्या. रिपोर्ट तारखेनं लावा, जुना खाली नवा वर. दोन-तीन वर्षांचे बास, १९९८ पासूनची फाइल उचलून आणायची गरज नाही.

आणि ते दुसरं, जे लोक सांगतच नाहीत. गावात कुणीतरी सांधेदुखीवर पुडीत बांधून गोळ्या देतं, नाव नाही गाव नाही, खाल्लं की दोन दिवसात माणूस टुणटुण चालायला लागतो. त्याच्यात स्टेरॉइड असायची बरीच शक्यता असते. त्यानं शुगर चढते, तोंड गोल सुजतं, पोटावर चरबी आणि हातपाय बारीक, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं. हे डॉक्टरला सांगायचंच, पुडीसकट दाखवायचं, लाजायचं नाही. पण ऐकून आलात म्हणून घरी जाऊन एका दिवसात बंद पण करू नका, कारण बरेच दिवस बाहेरनं स्टेरॉइड मिळालं की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात आणि अचानक तोडलं तर बीपी पडून माणूस आयसीयूत जाऊ शकतो. कमी कसं करायचं ते डॉक्टरच सांगतील.

रक्त तपासणीचं बोलू. आदल्या दिवशी फोन करून विचारा उपाशी यायचंय की खाऊन. एचबीएवनसी म्हणजे शुगरची सरासरी सांगणारी तपासणी आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडची, या दोन्हीला उपाशी राहावं लागत नाही. मंगळवेढ्याहून उपाशीपोटी एसटीत बसायचं, सवयीनं शुगरची गोळी मात्र घेऊन निघायचं आणि अकरा वाजता बाकड्यावर घाम फुटून डोळ्यापुढं अंधारी, हे बघितलंय मी, कंपाउंडरनं पळत जाऊन साखर आणली होती. उपाशी रक्त द्यायचंच असेल तर आठ तास पोट रिकामं, पाणी चालतं, गोळी-इन्सुलिन रक्त दिल्यावर जेवणासोबत. डबा घरनं आणा.

जेवणानंतरच्या शुगरमध्ये तर लोक गंमतच करतात. दोन तास जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून मोजायचे. त्या दिवशी गोळी नेहमीसारखी घ्यायची, कारण गोळी घेऊन शुगर किती राहते तेच बघायचं असतं, आणि जेवण पण रोजचंच. एरवी तीन भाकरी खाणारा माणूस त्या दिवशी दोन इडल्या खाऊन रिपोर्ट काढतो आणि खूश. तीन-चार दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीची शुगर छान आणता येते, पण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशोब काढतं, तिथं शाळेच्या परीक्षेसारखं आदल्या रात्रीचं चालत नाही. साडेसहा किंवा वर म्हणजे शुगर आहे, ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, आणि औषधं चालू असलेल्या बऱ्याच जणांना सातच्या खाली ठेवायला सांगतात, पण वयस्कर माणसाला किंवा ज्याची शुगर सारखी पडते त्याला डॉक्टर मुद्दाम सैल ठेवतात, त्यामुळं शेजारच्याचा आकडा बघून भांडू नका. अंगात रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही सांगा, हा आकडा फसवू शकतो.

आत गेल्यावर काय होतं? वजन, बीपी, मग चपला काढायला लावतात. इथं बऱ्याच बायका लाजतात, पाय धुवून आले नाही म्हणतात, काही होत नाही. नायलॉनची एक बारीक तार तळव्याला टेकवतात, ती वाकेपर्यंत, आणि डोळे मिटून विचारतात लागलं का. एक विडी वळणाऱ्या आज्जी आतून ऐकू येत होत्या, सिस्टरनं टेकवायच्या आधीच "लागलं, लागलं", आणि खरं टेकवल्यावर गप्प. सिस्टर म्हणाल्या, "आज्जी पेपर सोडवायला नाही आलात, नाही लागलं तर नाही म्हणा." बरोबर आहे. तळव्याची जाणीव गेलीय हे वेळेवर कळलं तर पाय वाचतो. आपल्याकडं कोजागरीला तुळजापूरला चालत जायची पद्धत, पंढरीची वारी, बरेच जण अनवाणी. ज्याला तार लागत नाही त्याला डांबर तापलेलं पण लागत नाही आणि फोड फुटलेला पण कळत नाही. जायचं असेल तर जा पण पायात बूट-मोजे घाला, बूट आतून हात फिरवून घाला आणि रोज रात्री तळवे बघा, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला लावा. वर्षातनं एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, डॉक्टर गडबडीत विसरले तर तुम्ही आठवण करा, राग येत नाही त्यांना.

शुगर पडते का असं विचारलं की सगळे "नाही" म्हणतात. मग नंतर बाहेर येऊन सांगतात रात्री घाम येतो, हात थरथरतात, पित्त असेल. ते पित्त नसतं ओ काका. ७० च्या खाली म्हणजे पडली, तीन चमचे साखर पाण्यातनं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असेल तर परत साखर आणि बरं वाटल्यावर काहीतरी खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना.

आहाराच्या मॅडमकडं पाठवलं तर टाळू नका. ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरला औषध, कितीही खा, असा आपल्याकडं पक्का समज आहे. मंगळवेढ्याची मालदांडी कितीही भारी असली तरी भाकरीत पिठूळ भाग असतोच, मैद्यापेक्षा बरी एवढंच. एका आमच्याच पाव्हण्यानं "दोन भाकरी" सांगितलं, मॅडमनी विचारलं केवढी, त्यानं हातानं ताट दाखवलं. आकार हातानं दाखवा म्हणजे खरा हिशोब लागेल. शेंगाचटणी बंद करत नाहीत बरं का, चमच्यात मोजायला लावतात. चहा मात्र सगळे विसरतात, कारखान्यात दिवसभरात किती कप होतात आणि प्रत्येकात किती साखर ते मोजून जा. एकादशीचा साबुदाणा पण सांगा. रोजे धरणार असाल तर रमजानच्या महिना-दोन महिने आधीच भेटा, गोळ्यांची वेळ आणि डोस बदलावा लागतो, ऐन रोज्यात स्वतःच्या मनानं फिरवायचं नाही.

इन्सुलिन लिहून दिलं की घरी रडारड होते, आता शेवटच आला म्हणून. तसलं काही नाही, पण दोन गोष्टी दुकानातच बघून घ्या. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. १०० युनिटवाल्याला केशरी टोपी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट इकडं किंवा तिकडं, म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच दुकान सोडा. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, एसटीच्या खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत इन्सुलिन ठेवलं की गेलं ते कामातनं. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं फेकायचं. फ्रीज नसेल किंवा लाइट सारखी जात असेल तर माठाची युक्ती चालते, मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात पिशवीत गुंडाळून इन्सुलिन, वर ओलं फडकं. सुई रोज एकाच जागी टोचू नका, तिथं गाठ होते आणि मग औषध नीट लागत नाही.

थायरॉइडवाल्यांसाठी थोडंच. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. मावशी चहासोबतच घ्यायची आणि वर कॅल्शियम पण, मग टीएसएच खाली येईना आणि डोस वाढत गेला. कॅल्शियम-लोहाच्या गोळीला चार तासांचं अंतर ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, पंधरा दिवसात तपासून काही कळत नाही, पैसे फुकट. केसांसाठी बायोटिन खात असाल तर सांगा, त्यानं थायरॉइडचे रिपोर्ट उलटेसुलटे येतात, दोन-तीन दिवस आधी बंद करायला लावतात. पाळी चुकली आणि गरोदर असल्याचं कळलं की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच फोन करा, डोस बहुतेक वाढवावा लागतो.

निघताना रिसेप्शनवर तीन गोष्टी विचारून घ्या, रिपोर्ट दाखवायला परत फी लागते का, किती दिवसात दाखवायचं, आणि रात्री शुगर पडली तर फोन कुणाला करायचा. चिठ्ठीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका म्हणजे पुण्याला असलेल्या पोराला पण कळतं काय चालू आहे. औषधं महाग पडत असतील तर डॉक्टरला तोंड उघडून सांगा, बऱ्याच नव्या गोळ्यांचं पेटंट संपलंय आणि त्याच औषधाच्या स्वस्त कंपन्या आल्यात, डॅपाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन ही त्यातलीच. जनऔषधी केंद्रात पण बघा. दुकानदारानं कंपनी बदलून दिली तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतंय का ते काउंटरवरच तपासा, नाहीतर जुनी आणि नवी दोन्ही स्ट्रिप घरात राहतात आणि आईसारखी माणसं एकच गोळी दोन नावानं दोनदा खातात.