मॉसफेटच्या जंक्शनचे तापमान कसे काढावे

हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) बोट लावून मॉसफेटच्या, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, जंक्शनच्या (आतल्या सिलिकॉनच्या) तापमानाचा अंदाज बांधू नये, कारण बोटाला ६० आणि ९० अंशांतला फरक कळत नाही आणि सिलिकॉनची चकती हीटसिंकपेक्षा नेहमीच अधिक तापलेली असते. हिशेबाचे सूत्र सोपे आहे: वाया जाणारे वॅट गुणिले एकूण औष्णिक रोध (दर वॅटला किती अंश तापमान वाढते तो आकडा), अधिक भोवतालच्या हवेचे तापमान.

आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर) १० व्होल्ट देऊन, १५ अँपिअरचा प्रवाह सतत वाहून नेतो असे धरू. डेटाशीटप्रमाणे (उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे) २५ अंशांना त्याचा विद्युत रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम असतो, म्हणजे ३.९ वॅट वाया जातात. औष्णिक रोध पाहिला तर जंक्शन ते केस (बाहेरचे आवरण) १.५, ग्रीस लावलेला सांधा ०.५ आणि हीटसिंक ८, असे एकूण १० अंश प्रति वॅट होतात. पेटीतली हवा ५० अंशांची असेल तर उत्तर ८९ अंश येते. येथे थांबणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण तापल्यावर मॉसफेटचा विद्युत रोध वाढतो. डेटाशीटच्या आलेखावरून ९० अंशांना तो साधारण १.४ पट धरून पुन्हा हिशेब केल्यास १०५ अंश येतात, आणि १.५ पट धरल्यास ११० च्या आसपास उत्तर स्थिरावते. मॉसफेट वेगाने चालू-बंद होत असेल, तर त्या क्रियेतील वॅटही मिळवावेत. डेटाशीटमधला ६२ अंश प्रति वॅट हा आकडा मात्र हीटसिंकविना वापरासाठी आहे. तो येथे घेऊ नये.

हिशेबाची पडताळणी मॉसफेटमधल्याच डायोडने होते, आणि मला हीच पद्धत सर्वांत विश्वासार्ह वाटते. गेट सोर्सला जोडून, सोर्सकडून ड्रेनकडे (ही मॉसफेटची उरलेली दोन टोके) १० मिलिअँपिअर सोडावेत आणि नियंत्रित भट्टीत २५, ५०, ७५ व १०० अंशांना डायोडवरील व्होल्टेज नोंदवावे. ते दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. मग मॉसफेट भारावर पुरता तापू द्यावा, मुख्य प्रवाह तोडावा आणि त्याच १० मिलिअँपिअरवर तेच व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहावे. चकती मिलिसेकंदांत निवू लागते, म्हणून मल्टीमीटर येथे निरुपयोगी ठरतो. सुरुवातीचे वाचन वेळेच्या वर्गमुळासमोर मांडून रेषा शून्य क्षणापर्यंत, म्हणजे प्रवाह तोडला त्या क्षणापर्यंत, मागे न्यावी.

मोजलेले तापमान हिशेबापेक्षा बरेच जास्त आले, तर आधी स्क्रू सैल आहे का आणि ग्रीसचा थर जाड झाला आहे का, हे तपासावे.