चेहऱ्याच्या एक्स-रेआधी: आधी मान, मग दागिने, मग कोन

दुचाकीवरून तोंडावर आपटलेला पेशंट एक्स-रे रूममध्ये आला की पहिली नजर मानेवर हवी. मानेला इजा नाही असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं नसेल, तर मानेचा पट्टा (कॉलर) काढायचा नाही आणि डोकं मागे टाकावं लागणारा कोणताही व्ह्यू, म्हणजे एक्स-रेची ठरावीक स्थिती, घ्यायचा नाही. तोंडातून रक्त येत असेल तर उताणं ठेवून निघून जाऊ नये, रक्त ओढून घेणारं सक्शन यंत्र हाताशी असावं.

मग चष्मा, चमकी, नथ, कानातलं, गळ्यातलं, आंबाड्यातल्या पिना, श्रवणयंत्र, कवळी हे सगळं काढून नातेवाइकांच्या हातात द्यावं. तुटलेली कवळीही फेकू नका; दात नसलेला जबडा बांधताना ती सर्जनच्या कामी येते. दात मोजावेत. पडलेला दात सापडत नसेल तर छातीचाही एक्स-रे हवा, कारण तो श्वासनलिकेत उतरलेला असू शकतो. बाई गरोदर असण्याची शक्यता विचारून घ्यावी.

एक्स-रे ट्यूबपासून फिल्मचं अंतर 100 सेंमी, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी), 70 ते 75 केव्ही (किरणांचा जोर), उजव्या-डाव्याचा मार्कर आधीच लावलेला.

गालाचं हाड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांसाठी वॉटर्स व्ह्यू, म्हणजे हनुवटी वर उचलून किरण डोक्याच्या मागून. शक्यतो बसवून, किरण आडवा. हनुवटी बकीला (फिल्म धरणाऱ्या फळीला) टेकलेली, नाक किंचित सुटलेलं, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा फिल्मशी 37 अंशांत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हनुवटी पुरेशी वर नसली की कानाच्या आतल्या पेट्रस हाडाची सावली सायनसच्या (गालामागच्या हवेच्या पोकळीच्या) खालच्या भागावर चढते आणि तिथे रक्त साचल्याचा भास होतो. ही सावली सायनसच्या तळाखाली गेलेली दिसली तरच फिल्म चालेल. झोपवून काढलं तर सायनसमधलं रक्त पसरतं, त्याची आडवी पातळी दिसतच नाही.

गालाच्या कमानीसाठी जग-हँडल, म्हणजे ती कमान जगच्या कानासारखी बाजूला दिसणारा व्ह्यू. यात एक्सपोजर कमी ठेवावं, नाहीतर ती बारीक कमान काळी पडून नाहीशी होते.

खालच्या जबड्याला एकच फिल्म कधीच पुरत नाही. पीए (चेहरा फिल्मकडे, किरण मागून) आणि दोन्ही बाजूंचे लॅटरल ऑब्लिक (बाजूने तिरके) घ्यावेत. ऑब्लिकमध्ये किरण 25 अंश डोक्याकडे, हनुवटी पुढे काढलेली, म्हणजे जबडा मानेच्या मणक्यांवर येत नाही. पेशंट 15-20 सेकंद स्थिर राहू शकत असेल तर ओपीजी (पूर्ण जबडा एकाच फिल्मवर उलगडून दाखवणारा एक्स-रे) उत्तम. फक्त मणक्यांच्या सावलीमुळे हनुवटीचा मधला भाग धूसर येतो, तिथे ऑक्लुजल (दातांत धरायची छोटी) फिल्म जोडावी.

हनुवटीवर जखम असेल तर दोन्ही कॉन्डाइल (कानापुढच्या सांध्यात बसणारी जबड्याची टोकं) बघितल्याशिवाय सोडू नये. त्यासाठी रिव्हर्स टाउन: कपाळ बकीला, किरण मागून 30 अंश वर, आणि तोंड उघडं. तोंड मिटलेलं राहिलं तर कॉन्डाइल खोबणीतच बसून राहतो आणि त्याच्याखालचा मोडलेला बारीक भाग (कॉन्डाइलची मान) झाकला जातो. पालथं होता येत नसेल तर समोरून टाउन, किरण 30 अंश पायांकडे.

जबडा कवटीशी जोडून कड्यासारखा आहे, त्यामुळे तो बहुधा दोन जागी मोडतो. एका बाजूला फ्रॅक्चर दिसलं की विरुद्ध बाजूचा जबड्याचा कोन (कानाखालचं वळण) आणि कॉन्डाइल तपासावा. वरचा जबडा हलत असेल किंवा पेशंटला एकाची दोन दिसत असतील, तर फिल्म वाढवत बसू नये, सरळ सीटी करावा. पेशंटला उतरवण्याआधी फिल्म पाहावी: डोळ्याच्या खोबणीची बाहेरची कड कवटीच्या कडेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर नसेल, तर डोकं वळलेलं आहे, तेव्हाच परत घ्यावी.