अण्णांचा हयातीचा दाखला घरबसल्या

अण्णा ८२ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. बोटांचे ठसे इतके झिजलेत की बँकेतलं यंत्र ते घेईना. जिना चढून दोनदा हेलपाटा झाला.

मग मोबाइलवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप घेतली. आधी ऑपरेटर म्हणून माझा चेहरा, मग अण्णांचा. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक पासबुकाशी ताडून भरला. खिडकीकडे पाठ होती तोवर चेहरा ओळखेना. उजेडाकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, झालं! 'पुनर्विवाह?' या प्रश्नावर आई खो खो हसली.

केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायला नको. दाखल्याचा क्रमांक, म्हणजे प्रमाण आयडी, वहीत लिहून ठेवलाय.